विश्लेषण : घरच्या घरी, विजेवर बीअर… अमेरिकेत रुजलेले हे तंत्र काय आहे? त्यातला खरा धोका कोणता?

अमेरिकेत स्वतःपुरती बीअर घरी बनवणे हा कायद्याने मान्य असलेला छंद आहे. पूर्वी तो प्रामुख्याने घरामागच्या अंगणात, प्रोपेन गॅसच्या मोठ्या शेगडीवर चालत असे. आता तो तळघरात आणि गॅरेजमध्येही आला आहे, कारण अनेकांनी गॅसऐवजी विजेचा हीटर वापरायला सुरुवात केली आहे. त्यामुळे तापमान अंशाअंशाने सांभाळता येते आणि बाहेर बर्फ पडत असला तरी काम थांबत नाही. मात्र ५५०० वॉटचा हीटर, ३० लिटर पाणी आणि ओल्या हातांनी वावरणारा माणूस एकाच ठिकाणी आल्यावर चुकीला फारशी जागा उरत नाही. ही यंत्रणा चालते कशी, ती सुरक्षित कशी केली जाते, महाराष्ट्रात याबाबतचा कायदा काय सांगतो आणि आपल्या घरातल्या गीझरशी या सगळ्याचा काय संबंध, याविषयी…

घरी बीअर बनवण्याची मुभा कधी मिळाली?

अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी होती. बंदी उठल्यावर घरगुती वापरासाठी वाइन बनवण्यास मुभा मिळाली, पण बीअर त्यातून वगळली गेली. ही तफावत पुढे चार दशकांहून अधिक काळ टिकली. ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी यासंबंधीच्या विधेयकावर स्वाक्षरी केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून घरगुती बीअरला करमाफी मिळाली. एका सज्ञान व्यक्तीच्या घरात वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर. दोन किंवा अधिक सज्ञान व्यक्ती असलेल्या घरात २०० गॅलन, अशी मर्यादा आहे. ही बीअर विकता येत नाही. राज्यांचे नियम वेगवेगळे असल्याने मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांत ही मुभा मिळायला २०१३ साल उजाडले. घरी मद्य गाळण्याला, म्हणजे भट्टी लावण्याला, ही सवलत लागू नाही.

ब्रिटनमध्ये घरगुती बीअरसाठीची परवान्याची अट त्याआधीच, १९६३ मध्ये रद्द झाली होती.

बीअर बनवताना तापमान इतके महत्त्वाचे का?

बीअरचे मुख्य घटक चारच : पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. लहान बाळासाठी मोड आलेल्या नाचणीचे सत्त्व करणाऱ्या घरांना यातले विज्ञान नवे नाही. धान्याला मोड आले की त्यात पिष्टमय पदार्थाचे साखरेत रूपांतर करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, तयार होतात. म्हणूनच मोड आलेल्या नाचणीची पेज साध्या पिठाच्या पेजेपेक्षा पातळ आणि किंचित गोड होते.

बीअरमध्ये हेच काम मोजूनमापून केले जाते. भरडलेले माल्ट साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर भिजवून ठेवतात. या टप्प्याला ‘मॅश’ म्हणतात. तापमान ६३-६५ अंशांच्या आसपास राहिले तर यीस्टला सहज पचणारी साखर जास्त तयार होते आणि बीअर हलकी, कोरडी लागते. ते ६८-७० अंशांवर गेले तर न पचणारी साखर जास्त उरते आणि बीअर दाट, गोडसर होते. ८० अंशांच्या जवळ गेल्यास विकरे निकामी होतात आणि रूपांतर थांबते.

म्हणजे तीन-चार अंशांच्या फरकाने पेयाचा स्वभाव बदलतो. मॅशनंतर धान्य गाळून गोड द्रव तासभर उकळतात, त्यात कडवटपणासाठी हॉप्स घालतात, मग तो झपाट्याने २० अंशांच्या आसपास थंड करून त्यात यीस्ट मिसळतात. पुढचे एक-दोन आठवडे आंबवण्याचे काम यीस्टच करते. माणसाच्या हातात असलेला भाग मुख्यतः तापवणे, तापमान राखणे आणि थंड करणे हाच आहे.

मग गॅस सोडून वीज का?

पहिले कारण नियंत्रण. गॅसची ज्योत कमी-जास्त करता येते, पण ६६ अंशांवर तासभर स्थिर ठेवणे अवघड. विजेचा हीटर सेकंदाच्या काही भागापुरता चालू-बंद करता येतो.

दुसरे कारण उष्णतेची बचत. शेगडीची बरीच उष्णता भांड्याच्या कडेने हवेत जाते. पाण्यात बुडालेल्या हीटरची जवळपास सगळी उष्णता पाण्यालाच मिळते.

तिसरे आणि सर्वांत गंभीर कारण म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. मोठी प्रोपेन शेगडी बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरात लावली तर हा वायू साचू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. चक्कर येऊन माणूस कोसळेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. विजेच्या हीटरमुळे हा धोका टळतो. त्याऐवजी विजेच्या धक्क्याचा धोका घरात येतो. त्यामुळे या यंत्रणेची उभारणी म्हणजे मुख्यतः या दुसऱ्या धोक्याचा बंदोबस्त, असे म्हणता येईल.

५५०० वॉट हाच आकडा का?

त्यामागे साधा हिशेब आहे. घरगुती घाणा बहुधा पाच गॅलनचा, म्हणजे १९ लिटर बीअरचा असतो. धान्य शोषून घेते ते आणि वाफ होऊन जाते ते धरून सुरुवातीला ३० लिटरच्या आसपास पाणी लागते. एवढे पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे १०,००० किलोज्यूल, म्हणजे २.८ युनिट ऊर्जा लागते. १५०० वॉटच्या हीटरला त्यासाठी १ तास ५० मिनिटे लागतील. ५५०० वॉटचा हीटर हेच काम अर्ध्या तासात करतो. भांड्यातून बाहेर जाणारी उष्णता धरली तर वेळ थोडा वाढतो.

अमेरिकेतील घरात साधे सॉकेट १२० व्होल्टचे असते. त्यावर १५०० वॉटच्या फार पुढे जाता येत नाही. पण कपडे वाळवण्याच्या यंत्रासाठी २४० व्होल्ट, ३० अँपिअरची स्वतंत्र वाहिनी अनेक घरांत असते. ५५०० भागिले २४० म्हणजे जवळपास २३ अँपिअर. तासन् तास चालणारा भार वाहिनीच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांत ठेवावा, असा तिथला नियम आहे. ३० अँपिअरचे ८० टक्के म्हणजे २४. त्यामुळे घरच्या पाणी तापवण्याच्या टाक्यांसाठी बनणारा ५५०० वॉटचा हीटर या वाहिनीवर नेमका बसतो.

विद्युतप्रवाहामुळे निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, हा नियम १८४० च्या सुमारास मांडणारा जेम्स प्रेस्कॉट ज्यूल हा इंग्लंडमधील सॅलफर्डच्या बीअर उत्पादकाचा मुलगा होता. त्याच्याच नियमामुळे २४० व्होल्टचा हीटर १२० व्होल्टवर लावल्यास ताकद निम्मी नव्हे, तर पावपट, म्हणजे १३७५ वॉट होते.

यंत्रणेत नेमके काय काय असते?

पूर्ण आकाराच्या यंत्रणेत स्टेनलेस स्टीलची तीन मोठी पातेली असतात. पहिल्यात गरम पाणी, दुसऱ्यात माल्ट भिजवणे आणि तिसऱ्यात उकळणे. हीटर पहिल्या आणि तिसऱ्या पातेल्यात असतो. मधल्या पातेल्यात तो नसतो, कारण धान्य हीटरला चिकटून करपते. म्हणून माल्टचे पाणी पंपाने खेचून पहिल्या पातेल्यातील गरम पाण्यात बुडवलेल्या धातूच्या वेटोळ्यातून फिरवतात आणि परत धान्यावर सोडतात. हीटरचा थेट स्पर्श न होता द्रव हवा तेवढा गरम राहतो. पंपामुळे ३० किलोचे कढत पातेले उचलण्याची वेळही येत नाही. भाजण्याचे अपघात टाळण्यासाठी हे महत्त्वाचे.

जागा आणि पैसा कमी असेल तर एकाच पातेल्यात, कापडी पिशवीत धान्य घालून काम भागते. ऑस्ट्रेलियातील छांदिष्टांनी ही पद्धत लोकप्रिय केली. चहाच्या पुरचुंडीसारखी ही पिशवी तासाभराने उचलून निथळायची आणि त्याच पातेल्यात पुढे उकळायचे.

हीटरची निवडही महत्त्वाची. ताकद तेवढीच, पण लांबी जास्त आणि दुमडलेला आकार असलेला हीटर घेतात. त्यामुळे दर चौरस इंचावर पडणारी उष्णता कमी होते आणि गोड द्रव करपत नाही. हीटर कायम द्रवात बुडालेला असावा लागतो. पाणी नसताना तो चालू झाला तर काही क्षणांत जळतो.

नियंत्रण पेटी काय करते?

या यंत्रणेचा मेंदू म्हणजे तिची नियंत्रण पेटी. पातेल्यातला तापमान संवेदक दर क्षणी तापमान सांगतो. ‘पीआयडी’ नावाचा नियंत्रक अपेक्षित आणि प्रत्यक्ष तापमानातला फरक पाहतो. तो फरक किती आहे, किती वेळ टिकला आहे आणि किती वेगाने बदलतो आहे, या तिन्हींवरून हीटरला किती ताकद द्यायची ते तो ठरवतो. साध्या थर्मोस्टॅटसारखा तो तापमान ओलांडून मग बंद होत नाही. जवळ येताच ताकद कमी करत जातो.

प्रत्यक्ष चालू-बंद करण्याचे काम ‘सॉलिड स्टेट रिले’ करतो. यात हलणारे भाग नसल्याने तो वेगाने काम करतो. पण २३ अँपिअरवर तो स्वतः २५-३० वॉट उष्णता सोडतो, म्हणून त्याच्या पाठीशी ॲल्युमिनियमच्या पात्यांचा हीट सिंक लागतो. शिवाय हा रिले बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा ‘चालू’ अवस्थेतच अडकतो. नियंत्रकाने बंद म्हटले तरी हीटर तापतच राहतो. म्हणून त्याच्या जोडीला कॉन्टॅक्टर, म्हणजे दोन्ही तारा प्रत्यक्ष तोडणारा चुंबकीय स्विच, बसवतात. तो हाताने बंद करता येतो. पेटीच्या दर्शनी भागावर तातडीने सगळे बंद करणारे मोठे लाल बटणही असते.

ब्रेकर असताना धक्का कसा बसतो?

सर्वसामान्यांची सगळ्यात मोठी गैरसमजूत इथेच आहे. ३० अँपिअरचा साधा ब्रेकर, म्हणजे आपल्याकडचा एमसीबी, तारा तापून आग लागू नये यासाठी असतो. ३० अँपिअर म्हणजे ३०,००० मिलिअँपिअर. माणसाच्या हातातून १०-१५ मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. आणखी काही पटींनी वाढल्यास हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. एवढ्याशा प्रवाहाची ब्रेकरला दखलही नसते.

माणसाचा जीव वाचवणारे उपकरण वेगळे आहे. अमेरिकेत त्याला ‘जीएफसीआय’ म्हणतात, आपल्याकडे आरसीसीबी. एका तारेने गेलेला प्रवाह दुसऱ्या तारेने तेवढाच परत आला का, एवढेच ते पाहते. परत येणारा प्रवाह कमी असेल, तर तो कुठून तरी गळतो आहे. कदाचित माणसाच्या शरीरातून. अमेरिकेत माणसांच्या संरक्षणासाठीचे हे उपकरण सुमारे ५ मिलिअँपिअर गळतीवर, तर आपल्याकडील घरगुती आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडतो, आणि तेही सेकंदाच्या छोट्या अंशात.

दुसरे संरक्षण अर्थिंगचे. पातेल्याचे धातूचे अंग, पंप आणि नियंत्रण पेटी हे सगळे अर्थच्या तारेला जोडलेले असावे लागते. हीटरचे आवरण फुटून पातेल्यात वीज उतरली, तर ती माणसाची वाट न पाहता अर्थमधून निघून जाते आणि संरक्षक उपकरण लगेच पडते. पातेल्याला भोक पाडून हीटर बसवलेला असतो. तिथल्या रबरी वायसरमधून गळती झाली, तर द्रव थेट विजेच्या टोकांवर पडतो. म्हणून ही टोके पाणी न शिरणाऱ्या डबीत बंद ठेवतात.

जुन्या घरांत अडचण कोणती?

अमेरिकेतील अनेक जुन्या घरांत कपडे वाळवण्याच्या यंत्राचे सॉकेट तीन पिनांचे आहे. त्यात दोन फेज आणि एक न्यूट्रल असते, स्वतंत्र अर्थ नसते. १९९६ च्या विद्युत नियमावलीपासून नव्या घरांत चार तारांचे सॉकेट आवश्यक झाले. जुनी सॉकेट मात्र तशीच राहिली. अशा सॉकेटवर पाण्याने भरलेले धातूचे पातेले जोडणे म्हणजे अर्थिंगशिवाय काम करणे. शिवाय जुन्या घरांत या वाहिनीवर गळती ओळखणारे उपकरणही बहुधा नसते.

यावर अनेक जण हॉट टबसाठी मिळणारी जीएफसीआयची पेटी मध्ये बसवतात. पण अर्थची तार मुळात नसेल, तर ती आधी घालून घ्यावीच लागते. हे काम परवानाधारक तंत्रज्ञाचे आहे. अनेक ठिकाणी त्यासाठी स्थानिक प्रशासनाची परवानगीही लागते. इथे वाचवलेले काही डॉलर सर्वांत महागात पडू शकतात.

पहिल्या दिवशी काय तपासतात?

पहिली चाचणी नेहमी साध्या पाण्याची. वीज जोडण्याआधी मल्टिमीटरने पातेले आणि प्लगची अर्थ पिन यांच्यातला रोध मोजतात. तो जवळपास शून्य यायला हवा. हीटरच्या दोन टोकांमध्ये साधारण १०.५ ओहम दिसायला हवा, आणि हीटरचे कोणतेही टोक व पातेले यांच्यात अजिबात जोड दिसता कामा नये. मग पाणी भरून गळती पाहतात, ‘टेस्ट’ बटण दाबून जीएफसीआय पडतो का ते तपासतात आणि त्यानंतरच हीटर चालू करतात. पाणी गरम झाल्यावर वायसर प्रसरण पावतात, म्हणून उकळी आल्यावर गळती पुन्हा पाहावी लागते.

वाफेचाही विचार लागतो. उकळताना तासाला चारेक लिटर पाणी हवेत जाऊ शकते. तळघरात ती वाफ भिंतींवर बसून बुरशी धरते. म्हणून पातेल्यावर हूड आणि बाहेर फेकणारा पंखा आवश्यक ठरतो. आणखी एक साधा नियम : काम सुरू असताना बीअर प्यायची नाही.

खर्चाचे गणित कसे आहे?

विजेचा खर्च फार नाही. पाणी उकळीपर्यंत नेण्यासाठी २.८ युनिट आणि तासाभराच्या उकळीसाठी सुमारे अडीच युनिट, वर थोडी घट धरली तरी एका घाण्याला सहा-सात युनिट पुरतात. खरा खर्च पातेली, पंप, नियंत्रण पेटी आणि घरातील वायरिंग यांचा. केवळ स्वस्त बीअर हवी म्हणून कोणी या वाटेला गेले तर हिशेब जुळणे कठीण. हा छंद टिकतो तो हवी तशी चव स्वतः घडवण्याच्या समाधानामुळे. त्यातून उद्योगही उभे राहिले. कॅलिफोर्नियातील सिएरा नेव्हाडा या प्रसिद्ध ब्रुअरीचे संस्थापक केन ग्रॉसमन मुळात घरीच बीअर बनवत होते.

महाराष्ट्रात हे करता येते का?

नाही. मद्य हा भारतात राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम १२ नुसार मद्य तयार करणे आणि ब्रुअरी उभारणे किंवा चालवणे यांवर बंदी आहे. परवाना घेऊनच ते करता येते. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘डूलाली’सारख्या मायक्रोब्रुअरी अशा व्यावसायिक परवान्यावर चालतात. ‘विकत नाही, घरापुरतीच बनवतो’ हा अमेरिकेत चालणारा युक्तिवाद इथे लागू होत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकाने यंत्रणा भेट दिली, तरी ती इथे बीअरसाठी वापरणे गुन्हा ठरेल.

तांत्रिकदृष्ट्याही ती इथे तशीच चालणार नाही. आपल्याकडील १६ अँपिअरच्या सॉकेटची कमाल क्षमता २३० व्होल्टला ३६८० वॉट आहे. त्यावर ५५०० वॉटचा हीटर लावला तर तो सुमारे ५००० वॉट, म्हणजे २२ अँपिअर खेचेल. सॉकेट वितळणे किंवा आग लागणे, काहीही होऊ शकते.

मग आपल्या घरासाठी यात काय?

बीअर बाजूला ठेवली तरी हीटर, पाणी आणि ओला हात हे त्रिकूट आपल्याकडे रोज सकाळी न्हाणीघरात भेटते. बादलीत टाकायचा इमर्शन रॉड हा त्या ५५०० वॉटच्या हीटरचाच धाकटा भाऊ. फरक इतकाच, की अमेरिकेतला छांदिष्ट अर्थिंग मोजतो, गळती ओळखणारे उपकरण बसवतो आणि दर वेळी तपासतो. आपण मात्र पाणी गरम झाले का हे बोट बुडवून पाहतो.

घरच्या वीजफलकावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले छोटे बटण आहे का, हे पाहायला मिनिटभर पुरते. ते दाबल्यावर वीज गेली, तर आरसीसीबीची यंत्रणा काम करते आहे. बटण दाबूनही वीज गेली नाही किंवा फलकावर फक्त एमसीबी असतील, तर गीझर वापरणाऱ्या घरात जीव वाचवणारे उपकरण नाही किंवा ते बिघडले आहे, असा त्याचा अर्थ. अशा वेळी इलेक्ट्रिशियनला बोलावून आरसीसीबी बसवून घ्यावा आणि गीझरचे अर्थिंगही त्याच वेळी मोजून घ्यावे. तोपर्यंत रॉड असो वा गीझर, स्विच बंद करून मगच पाण्याला हात लावावा.